नळाला पाणी येईपर्यंतचा मालक

सरकारी लिलावात आपणच लावलेल्या बोलीवर आपणच चढवून बोलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बीड जिल्ह्यात तसा एक आहे. तो एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो आणि आत्ता तुमच्याशी बोलतो आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. नगरपंचायतीतली सगळी माणसं ओळखीची आहेत, आणि आमच्या गल्लीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह अजून त्यांच्याच हातात आहे.

सगळं सुरू झालं माझ्या बायकोच्या शिलाई मशीनपासून. दिपाली ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. हात इतका साफ की नेकनूरहून बायका एसटीने येतात. मशीन आमच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे एखादी बाई माप द्यायला आली की मला स्वयंपाकघरात जावं लागे. लग्नसराईत तर मी सातवी 'ब'ची सगळी निसर्गचित्रं गॅसच्या ओट्यावर तपासली. एका डोंगरावर आमटी सांडली. त्या पोराला मी दोन मार्क वाढवून दिले, कारण आमटीमुळे सूर्यास्त बरा दिसत होता.

"एखादा गाळा बघा ना," दिपाली म्हणायची. मी बघतो म्हणायचो. आणि एके दिवशी नगरपंचायतीची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून गेली: घरपट्टी, पाणीपट्टी थकवणाऱ्यांच्या मालमत्तांचा जाहीर लिलाव, इच्छुकांनी हजर राहावे.

शेजारच्या ओट्यावर सुंदरराव बसले होते. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. कुठलाही कायदा ते दात कोरता कोरता सांगतात.

"सर, सरकारी लिलाव म्हंजे चीज हाय बरं का," ते म्हणाले. "बाजारभावाच्या निम्म्यात जातंय. कागद एकदम साफ. बघा."

मी बघितलं. लिलावात एकच गाळा होता, बाजारपेठेतला, गहिनीनाथकाकांचा. काकांचं दुकान दोऱ्यांचं, म्हणजे बैलांच्या कासऱ्यांचं नि म्होरक्यांचं, त्यांच्या घुंगरमाळांचं आणि शेळ्यामेंढ्यांच्या घंट्यांचं. दुकानासमोरून मी रोज शाळेत जातो. त्यांचं दुकान विकत घ्यायचं म्हणजे जरा कसंसंच वाटलं, पण मी नाही घेतलं तर दुसरा कुणीतरी घेणारच, अशी मी मनाची समजूत घातली. दुसरं कुणीही घेणार नव्हतं, एवढी एक बाब सोडली तर माझा विचार अगदी बरोबर होता.

लिलावाला सभागृह गच्च भरलं होतं. एवढी गिऱ्हाइकं बघून मला वाटलं, आता चढाओढ होणार. सगळे नुसते बघायला आले होते, हे मला कुणी सांगितलं नाही. कर निरीक्षक हरिओमसाहेबांनी गाळ्याचं वर्णन वाचलं, "पक्के बांधकाम, पत्र्याचे छत, नळजोडणीसह," आणि सरकारी किंमत पुकारली. मी हात वर केला. पुढच्या दोन रांगा मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्या नजरा मला चढाओढीच्या वाटल्या.

"एकवार," हरिओमसाहेब म्हणाले.

आता कुणीतरी वाढवणार, या धास्तीने मी दहा हजारांनी वाढवलं.

"सर," हरिओमसाहेबांनी चष्मा काढला, "तुमच्यावर तुम्हीच?"

मागून कुणीतरी फसकन हसलं. अशा वेळी माणसाने इज्जत सांभाळायला काय करावं? मी ताठ बसून म्हणालो, "लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. चौथा हिस्सा तिथल्या तिथे भरायचा होता. दिपालीची भिशी आणि माझी पतसंस्थेतली ठेव एकाच पाकिटात घालून नेली होती, ती दिली. उरलेले महिन्याच्या आत भरायचे, नाही भरले तर दिलेलेही बुडाले.

बाहेर आलो तर गहिनीनाथकाका पायरीवर चहा पीत बसलेले. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, सत्तरीच्या पुढचे. मला बघून उठले. मला वाटलं, आता चार लोकांत पाणउतारा होणार. काकांनी माझा हात हातात घेतला.

"बेस झालं सर. भल्या मानसाच्या हातात गेलं."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

घरी आलो तोपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. सुंदरराव ओट्यावरून उठून उभे राहिले. "अहो, मी बघा म्हनलो होतो. घ्या कवा म्हनलो?"

दुसऱ्या दिवसापासून मी गावात 'मालक' झालो. शाळेत जाताना काकांच्या दुकानापाशी आलो की काका ओट्यावर उभे राहून खणखणीत आवाजात विचारायचे, "मालक, बसू का दुकानात?" बाजारपेठ थांबून ऐकायची. मी म्हणायचो, "काका, अहो बसा ना." काका बसायचे. संध्याकाळी परत, "मालक, जाऊ का घरी?" त्यात टोमणा होता असं वाटेल तुम्हाला, मलाही वाटलं होतं. पण काका तसे नव्हते. त्यांच्या लेखी जागा आता माझी होती, आणि दुसऱ्याच्या जागेत विचारून बसायचं असतं. लिलाव अजून कायम झालेला नाही, तोवर कुलूप-किल्ली तुमचीच, हे मी त्यांना तीनदा समजावलं. ते म्हणाले, "ते सरकारचं झालं. मानसाचं येगळं आसतंय."

चहावाल्याने दुकानात येणाऱ्या पाहुण्यांचे चहा माझ्या नावावर मांडायला सुरुवात केली. आणि एका सकाळी मी आठवी 'अ'ला मानवी चेहऱ्याची प्रमाणं शिकवत असताना दारात एक शेळी येऊन उभी राहिली. शेळीच्या मागे सटवा नावाचा एक मेंढपाळ.

"घंट्याच्या दुकानाचे मालक तुमीच का?"

वर्गातली साठ पोरं एका आवाजात ओरडली, "होऽऽ!"

"ही घंटी घोगरी वाजती," सटवा म्हणाला. त्याने शेळीचं मानगूट धरून हलवलं. "आयका. रानात एक शेळी इकडं, एक तिकडं, आवाजावरून वळखावं लागतंय. गहिनीनाथबाबाला म्हनलं बदलून द्या, तर ते म्हनले आता मालकाला इचारावं लागंल. घरापासनं चालत आलोय मी."

मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते. मी घंटा हातात घेतली, वाजवून बघितली, घोगरी होती खरी. मालक या नात्याने मी ती बदलून द्यायचा हुकूम दिला. शेळीने तेवढ्यात फळ्याखालचा कापसाचा डस्टर खाल्ला.

हे सगळं मी सोसलं असतं. माणूस स्वतःच्या मालमत्तेसाठी काय काय सोसतो. पण त्या रविवारी दिपाली दुकानाचं माप घ्यायला गेली. मशीन कुठे, कपाट कुठे, पडदा कुठे लावायचा, सगळं डोक्यात ठरवून गेली होती. परत आली. हातपाय धुतले, चहा टाकला, तो उतू गेला तरी तिथेच उभी.

"काय झालं?"

"टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं," ती म्हणाली. "खाली वाकून. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकले. आणि मला म्हणाले, पोरी, मशीन खिडकीपाशी ठेव. तिथं उजेड लई चांगला येतो, सुईचं नेढं लख्ख दिसतंय. मी तिथंच बसून घुंगरं ओवायलो इतकी वर्सं." तिने गॅस बंद केला. "मला नको ते दुकान."

"अगं, पण पैसे भरलेत."

"मग काढा परत."

सरकारी तिजोरीत गेलेले पैसे परत काढायचे म्हणजे काय, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला काय सांगणार? मी सुंदररावांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी दातकोरणं खाली ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"एकच वाट हाय. महिन्याच्या आत मूळ मालकानं थकलेली पट्टी भरली, वर तुमाला शेकडा पाच दिले, की लिलाव रद्द. तुमचे पैशे तुमाला, त्यांचं दुकान त्यांना."

मी तडक काकांकडे गेलो. वाटेत ठरवलं होतं, पैशाची अडचण असेल तर शाळेतल्या शिक्षकांकडून थोडे थोडे गोळा करू. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "पैशे हायेत की सर. पैशाचं काय घिऊन बसलाव?"

"मग भरले कावून न्हाईत?" चिडलो की माझ्याही तोंडी धर्मापुरीची बोली येते, माझं गाव ते.

काकांनी मला दुकानाच्या बाजूला नेलं. भिंतीला एक पितळी तोटी होती, घासून लख्ख केलेली.

"हे नगरपंचायतवाले नळ बसवून गेले. त्याच वर्सी पट्टी लागली. पानी आजवर एक थेंब न्हाई. मी म्हनलं, ज्या दिवशी ह्या तोटीतनं पानी यील, त्याच दिवशी समदी पट्टी भरीन. घराचीबी आन् पान्याचीबी. शबूद दिलाय मी. न आलेल्या पान्याचे पैशे कशे देऊ? ते चूक, आन् घेनाराबी चुकतो."

"पण काका, दुकान जाईल!"

"गेलंय की," काका शांतपणे म्हणाले. "तुमीच घेतलंय."

तर आता असं होतं की मी विकत घेतलेलं दुकान मला परत करायचं होतं, ज्याला परत करायचं त्याच्याकडे पैसे होते, ज्यांना पैसे पाहिजेत ते दारात उभे होते, आणि मध्ये एक कोरडी तोटी होती. मी नगरपंचायतीत गेलो. हरिओमसाहेब माणूस चांगला. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"नळाची तक्रार मालकाला करता येते," ते म्हणाले. "तुमचा लिलाव अजून कायम नाही. म्हणजे तुम्ही मालक नाहीत."

"मग गहिनीनाथकाका करतील."

"त्यांची मालमत्ता लिलावात गेली. ते मालक कसे?"

"मग सध्या मालक कोण?"

हरिओमसाहेबांनी फाइल पुढून मागे चाळली. "सध्या दुकान प्रक्रियेत आहे," ते म्हणाले.

प्रक्रियेतल्या दुकानाला तहान लागली तर काय करायचं, याला नियम नव्हता. सुंदररावांनी पुन्हा दातकोरणं खाली ठेवलं. "पानी येत न्हाई म्हनून कुनीबी येनार न्हाई. नळ गळतोय म्हनून सांगा. रस्त्यानं जाणाऱ्यालाबी सांगता येतंय. पानी वाया चाललंय म्हनलं की दंड लावायला पळत येतेत."

मी आयुष्यात खोटी तक्रार केली नव्हती. पण केली, फोनवर, आवाज जरा जाड करून. तासाभरात नगरपंचायतीचा फिटर सिदू पाना घेऊन हजर. त्याने तोटीकडे बघितलं, तोटी फिरवली, तोटीत फुंकर मारली. आतून एक कोळी बाहेर आला.

"ह्याच्यात गळायला हाय काय बे?" त्याने कोळ्यालाच विचारलं असावं, कारण माझ्याशी तो अदबीने बोलायचा. "सर, खंदून बघावं लागंल."

सिदूने खंदलं. भिंतीपासून दोन हात पाइप रस्त्याकडे गेला होता आणि तिथे मातीत संपला होता. तोंडाला चिंधीचा बोळा. मोठी लाइन तिथून आणखी चार हात पुढे. मधलं अंतर त्या काळच्या लोकांनी देवावर सोडलेलं. सिदू मोठ्या लाइनपर्यंत खंदत गेला, हळहळला, आणि मग म्हणाला की जोडायला लेखी ऑर्डर लागते.

"मग खड्डा बुजव."

"बुजवायलाबी ऑर्डर लागती. खंदलेलं गळतीसाठी हाय. गळती सापडल्याबिगर कसं बुजवू?"

सिदू गेला आणि बाजारपेठेच्या मधोमध खड्डा राहिला. मी स्वतःच्या खर्चाने चार काठ्या रोवून दोरी बांधली, दोरी अर्थातच काकांच्या दुकानातली, काकांनी ती मालकाला म्हणून कमी भावात दिली. किराणावाल्याने माझ्याशी बोलणं सोडलं. एक म्हैस बिथरली. दिंद्रुडचा एक व्यापारी मोटारसायकलसकट दोरीत अडकला आणि त्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. दिवस सरत चालले होते, उरलेल्या रकमेसाठी मागितलेलं पतसंस्थेचं कर्जही मंजूर होऊन बसलं होतं, आणि मी वर्गात फळ्यावर चेहऱ्याचं प्रमाण काढताना प्रत्येक नाकाची तोटी होत होती.

आणि मग घंटागाडी पडली. नगरपंचायतीची, कचऱ्याची. ड्रायव्हर मागे बघून कुणाला तरी हाका मारत होता म्हणे. पुढचं चाक खड्ड्यात, गाडी कलती, भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं चालूच, आणि खाली मोठी लाइन फुटली. पाण्याचा फवारा किराणावाल्याच्या पाटीपर्यंत उडाला. मी शाळेतून धावत आलो तेव्हा मला वाटलं, आता लोक मला मारणार.

पण गावात नऊ दिवसांत पाणी आलं नव्हतं. लोक घागरी, बादल्या, टोप, कुकर घेऊन धावत होते. किराणावाला तेलाचे रिकामे डबे भरत होता आणि मला बघून म्हणाला, "मालक, धरा हो जरा." सटवा बाजाराला आला होता, त्याने सगळा कळप तिथेच पाजून घेतला. सगळी बाजारपेठ ओली, हसरी. आणि काका ओट्यावर घुंगरं ओवत बसलेले.

"काका! पाणी आलं!" मी चिखलातून ओरडलो.

काकांनी मान वर केली. "रस्त्यावरचं मी मोजीत न्हाई सर. तोटीतनं यायला पायजे."

आता मात्र घाई नगरपंचायतीला होती. लाइन दुरुस्तीची ऑर्डर दहा मिनिटांत निघाली. सिदू चिखलात उतरला, फुटलेला तुकडा बदलला, आणि मग इकडेतिकडे बघून मला म्हणाला, "आता उघडीच हाय तर जोडून टाकतो. ऑर्डर मागनं बघू." चार हात पाइप त्याने कुठून आणला ते मी विचारलं नाही.

पाइप जोडला, खड्डा बुजला. आता पेठेची पाण्याची पाळी येईपर्यंत वाट बघायची होती. ती पाळी नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी मी रजा टाकली. दिपाली मशीन सोडून आली, सुंदरराव खुर्ची घेऊन आले, सिदू पाना घेऊन, आणि हरिओमसाहेब 'इकडूनच चाललो होतो' म्हणून आले. व्हॉल्व्ह सोडला. काकांनी स्वतः तोटी फिरवली.

आधी हवा आली. तोटीने असा काही आवाज काढला की बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग तांबडा गाळ. मग काहीच नाही. सुंदरराव म्हणाले, "प्रेशर—" आणि दिपाली म्हणाली, "शूऽ." आणि मग करंगळीएवढी धार लागली, आधी लालसर, मग पिवळट, मग स्वच्छ.

काकांनी हात धुतले. डोळ्यांना पाणी लावलं. ओंजळ भरून एक घोट घेतला आणि तोंडात घोळवत राहिले.

"मचूळ हाय," काका म्हणाले.

हरिओमसाहेबांनी डोळे मिटले.

काकांनी दुसरा घोट घेतला. "पन पानीच हाय." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि आतून कापडी पिशवी उचलली. "चला साहेब. शबूद दिलाय."

आम्ही सगळे वरातीसारखे नगरपंचायतीत गेलो. काकांनी सगळी थकबाकी भरली, माझे शेकडा पाच भरले, आणि हरिओमसाहेबांनी उभं राहून त्यांना पावती दिली. माझे पैसे पुढच्या आठवड्यात मिळाले. कापलं काहीच नाही. गावातल्या लोकांनी मला परत सर म्हणायला सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस जरा चुकल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, हातात तीच पिशवी. दिपालीने पाट दिला, चहा दिला. चहा झाल्यावर काकांनी पिशवीतून नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"हे काय?"

"भाडं. म्हैनाभर तुमच्या दुकानात धंदा केला मी. पेठेत इचारून आलो, गाळ्याला येवढंच चालतंय."

"काका, काहीतरीच काय! तेव्हाही दुकान तुमचंच होतं."

"न्हाई. बोली तुमी लावली, चौथाई तुमी भरली. मी इचारून बसायचो का न्हाई? मग?" काकांचा आवाज चढला. "पाटी लावली होती नगरपंचायतीनं, माज्या नावापुढं थकबाकीदार लिव्हलं होतं. समद्या गावानं वाचलं. आज तुमी भाडं घेतलं न्हाई तर ते खरं हुईल. सर, मी कुनाचं थकवत न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. महिनाभरात पहिल्यांदाच मला कळलं की ती पाटी त्यांना किती लागली होती. मी दिपालीकडे बघितलं. तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी नोटा घेतल्या आणि देवापुढे ठेवल्या.

"काका," ती म्हणाली, "खिडकीपाशी अर्धी जागा रिकामी असते ना? मशीन मावेल माझी. भाडं काय घ्याल?"

काकांनी हिशोब केला. दोन ओळखीच्या माणसांत होतो तसा नाही, चांगला खडखडीत केला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आकडा सांगितला. दिपालीने घासाघीस केली. काका एक पैसा उतरले नाहीत.

"म्हैन्याच्या पहिल्या तारखेला द्यायचं," जाताना उंबऱ्यात चप्पल घालत काका मला म्हणाले. "टायमावर. न्हाईतर बोलून दाखवीन, सर."